खुटबावच्या आंब्यावरची आमरी

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत भिंग होतं, ओलं शेवाळ होतं, सुतळी होती आणि डोक्यात तासाभराचं व्याख्यान तयार होतं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, ऊन वाढत चाललं होतं. अशात दौंड तालुक्यातल्या खुटबावला एका जुन्या आंब्यावर आमरी (फांदीवर वाढणारं रानातलं ऑर्किड) तग धरून आहे, असं एका विद्यार्थिनीनं सांगितलं. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. माझ्याशिवाय तिला कोण वाचवणार?

यवतला एसटीतून उतरलो, चहा-भजी घेतली आणि जीपमध्ये अर्धा एका पैलवानाच्या मांडीवर बसून खुटबाव गाठलं.

आंब्याचे मालक हुसेनचाचा गावातले शिंपी. मी येतोय हा निरोप त्यांना आदल्या दिवशी फोनवर मिळाला होता. गळ्यात टेप तसाच ठेवून ते मला बांधावर घेऊन गेले. आंबा अगदी लख्ख दिसत होता. आमरी कुठेच नव्हती.

"पुण्याचे सर येणार, म्हंजी झाड चांगलं दिसाया पायजे," चाचा म्हणाले. "सकाळीच चढून समदं बांडगूळ (झाडाचा रस पिऊन जगणारी वनस्पती) काढून टाकलं."

कुठे टाकलं, असं मी घाईनं विचारलं. मग दोघांनी मिळून झाडाखालचा पाचोळा उपसला. तीन गड्डे सापडले; पानं ताठ होती, पांढरी जाड मुळं मात्र तुटलेली. ही झाडाचं काही खात नाही, नुसती सालीला धरून बसते, पाऊस आणि दव पिते, हे मी त्यांना समजावलं. चाचांचा चेहरा पडला.

"म्हंजी गरिबाला चोर समजून हाकललं की मी," ते हळूच म्हणाले.

जेवताना पिठलं-भाकरी अर्धी ठेवून ते उठले. एक गड्डा त्यांनी मागून घेतला आणि कापडाच्या पट्ट्यांनी सावलीच्या फांदीला बांधला. मी शेवाळ पुढे केलं, तर म्हणाले, ओल्यानं कुजंल. मी प्राध्यापकाला शोभेल असं हसलो आणि उरलेले दोन गड्डे शेवाळात गुंडाळून पुण्याला नेले. रोज पाणी घातलं. दिवाळीपर्यंत दोन्ही कुजले.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. चाचांच्या आमरीला फुलं आली होती. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधोमध जांभळी जीभ. काय केलंत, असं विचारलं.

"काय न्हाई. ही बांडगूळ न्हाई, एवढं गावात सांगत फिरलो."

शेजारच्या बांधावरच्या दोन आंब्यांवरच्या आमरीवरही आता कुणी कोयता चालवत नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून विचार करत होतो. ऊन आणि दुष्काळ तिनं कसाबसा सोसला. आमचा जिव्हाळा तिला जड गेला. चाचा एका सकाळीत शिकले. मला वर्ष लागलं, आणि दोन आमऱ्या.