कार्डमास्तरांच्या गाऱ्हाण्यांबाबत

विषय : कै. कार्डमास्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवेदक : मी, मालवणला कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, शिक्षण सातवी. साक्षीदार : मास्तरांच्या पत्नी. काळ : संगणक हा शब्द आमच्याकडे नुकता ऐकू येऊ लागला तो.

देवापुढे सर्वांचे हात जोडलेले असताना ज्यांच्या एकट्याच्या हातात पेन्सिल असे, ते मास्तर. आरोंद्यापासून विजयदुर्गापर्यंत गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घातले जाई, तिथे ते एस.टी.ने जात व शब्दन् शब्द वहीत उतरवीत. कोणी टोकले तर म्हणत, "माझो नमस्कार सावकाशीन होयत. ह्यांचा बोलणा वाऱ्यार जाता."

एका विद्यापीठाचा विभाग ही गाऱ्हाणी संगणकात घालून कोणते बोल कुठे, किती वेळा येतात हे पाहणार होता. एका कार्डावर एक वाक्य, अशी अट होती. मास्तरांचे अक्षर लागेना, म्हणून स्वच्छ प्रती मी केल्या.

गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. अर्जात पुनरुक्ती हा दोष असतो. सबब मी ते होकार गाळले आणि प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी "उपस्थितांची संमती आहे" असे एकेक कार्ड जोडले. मास्तरांनी विश्वासाने, न वाचता कार्डांची पेटी विभागाकडे रवाना केली.

अहवाल आला : गाऱ्हाणे हे एकाच व्यक्तीचे भाषण असून गावकरी बहुतांशी मूक असतात.

मास्तर माझ्या स्टुलावर येऊन बसले. "अरे, सगळ्या गावाक तू एका वळीत गप केलंस."

"मास्तर, पुनरुक्ती असली की साहेब अर्ज फेटाळतात."

"तो साहेब रे. हय देवाच्या पुढ्यात माणसा उबी आसत. पयल्यांदा हळू म्हणतत. पावसाचा नाव निघाला की देऊळ घुमता. माका ताच मोजूचा होता."

मग दोन वर्षे ते वहीतून वाचीत, मी लिही. प्रत्येक होकाराला वेगळे कार्ड. मी कंटाळून सुस्कारा टाकला की म्हणत, "लिही, लिही. तेव्हा कंटाळलंस नाय ता गाळताना."

दुसरी पेटी गेली. तीन स्मरणपत्रे मी स्वतः लिहिली. अशी पत्रे या तालुक्यात दुसरा कोणी लिहीत नाही. तिसऱ्याची सही-शिक्क्याची पोच आली. उत्तर नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून मास्तरांनी विचारले, "पेटी उघडली असतीत मां रे?" मी हो म्हणालो. हे उत्तर मी कोणत्याही आधाराशिवाय दिले. दोन दिवसांनी ते गेले.

तरी विनंती की, विभागाने ती दुसरी पेटी उघडावी. पहिला अहवाल मास्तरांच्या नावावर राहू नये. चूक लेखनिकाची, अशी नोंद व्हावी. उत्तर माझ्यामार्फत न देता थेट मास्तरांच्या पत्नीच्या नावे पाठवावे. त्यांना वाचता येते.