खालून पाहिलेले डोळे

"नवीन सॉफ्टवेअर घेतलं की डोळे आपोआप बघायला लागतात काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

लालबागच्या गणपती कारखान्यात मी लॅपटॉपवर मूर्तीचा चेहरा घडवत होते. माझा पहिलाच. त्यावरून साचा निघणार होता, पण नजर काही जमत नव्हती, म्हणून मालकांकडे महागडं अपग्रेड मागितलं होतं.

बोलणारे आजोबा आखणीवाले, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारे. नाव विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी कुंचला कानावर खोचला आणि एका मूर्तीपुढे जमिनीवर मांडी घातली. "बस गो. लोक खालून बघतात. तू बघतेस नाकासमोर."

मी बसले. मग स्क्रीनवरचा चेहराही फिरवून खालून पाहिला आणि पापण्या जराशा खाली ओढल्या. गणपती थेट माझ्याकडे बघू लागला. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. जाताना स्क्रीनला हात जोडले.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "मग, घ्यायचं का तुझं ते नवीन?"

एरवी मी मान हलवून भागवते. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नको. हे डोळे मी जुन्यावरच केलेत."