खालचं बटण

आधीच माफी मागतो. कुणाबद्दल लिहावं एवढा मी शिकलेला नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीतून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि घरी आजवर कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण काशीनाथकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून प्रयत्न करतो.

काका मोऱ्याच्या कोळीवाड्यातले. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त होऊन पनवेलला मुलीकडे, सुनंदाताईंकडे राहायचे. रोज सकाळी सहाला ग्राउंडच्या पायरीवर बसून ते मनगटावरचं घड्याळ काढत आणि चावी देत. मोठ्याने मोजत. वीस, एकवीस, बावीस... बोटांना जरा अडल्यासारखं झालं की थांबत. मग माझ्या मोबाइलवर वेळ बघून काटे लावत, तेही पुढेच फिरवून, मागे कधीच नाही. बंदरात लागलेल्या एका जहाजावरच्या म्हाताऱ्या इंजिनिअरने ते घड्याळ त्यांना जाताना दिलेलं. बाजूला दोन बटणं. वरचं दाबलं की एक बारीक काटा पळायला लागे, पुन्हा दाबलं की थांबे. खालचं दाबलं की तो शून्यावर जाई. मिनिटं दाखवायला तबकडीतच एक छोटी तबकडी होती.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा पोरांचं धावणं ते त्यावर मोजत. पहिल्या दिवशी त्यांनी घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, आणि मी कौतुकाने तिथल्या तिथे चावी फिरवायला लागलो.

"अरं बाला, आधी हातातून काड! वाकडी चावी दिलीस तर दांडी मोडंल. आनि ते नाय बोललं का थांबायचं. आतली कमान तुटली तर तुज्या कॉलेजात मिलते काय?"

त्यांचा एक नियम होता. धावणाऱ्याने येऊन स्वतः काटा बघितल्याशिवाय ते खालचं बटण दाबत नसत. वेळ तोंडाने कधीच सांगत नसत. आमच्यातला रोहन चिडवायचा, "काका, मोबाइल घ्या ना आता."

"मी सांगितलं तर तू माज्याशी भांडशील. काट्याशी कोन भांडतो? डोल्यांनी बग."

आपण बघायचं, ते बटण दाबायचे आणि एकच शब्द बोलायचे, "परत."

मला सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळायचं होतं. ते जमलं तर भरतीची आशा, नाहीतर आई-बाबांबरोबर वीटभट्टी. मी सहा मिनिटांवरून सव्वापाचवर आलो आणि तिथेच अडकलो. दोन महिने रोज तोच काटा, तोच शब्द.

भट्टीवर जायच्या आदल्या दिवशी शेवटचा धावलो. चौथ्या फेरीत पोटरीत गोळा आला. रोहन ओरडला, "गेला रे गेला!" मी रेषा ओलांडली आणि थांबलोच नाही, तसाच गेटबाहेर गेलो. मागून काकांचा आवाज आला, "अरं, काटा बगून जा!" मला वाटलं, माझी हार बघायला कशाला परत फिरू? मग भट्टीवर चार्जिंग संपून मोबाइल बंद पडला. मी तो चार महिने सुरूच केला नाही. भट्टीवरच्या पोराला तो कशाला हवा, असं मनाला सांगत राहिलो.

परत आल्यावर काकांच्या घरी फोन लावला तर सुनंदाताईंनी उचलला. "बाबा गेले रे. तीन आठवडे झाले. तुझा नंबर लागतच नव्हता."

मग ताईच म्हणाली, "घड्याळाला मी रोज चावी देते. पण तो बारीक काटा थांबलेलाच आहे. तू गेल्यापासून बाबांनी खालचं बटण कुणाला दाबू दिलं नाही. बाकीच्या पोरांना शेवटी त्यांच्याच मोबाइलवर मोजायचे."

"कुठे थांबलाय, ताई?"

"ते मी सांगायचं नाही, असं बजावून गेलेत. येऊन बघ."

मी गेलो. घड्याळ चालू होतं, वेळही बरोबर होती. बारीक काटा मात्र चार महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळीच उभा होता. पाच मिनिटं, अकरा सेकंद.

मी खालचं बटण दाबलं. काटा शून्यावर गेला, आणि तो शब्द या वेळी मलाच बोलावा लागला.

"परत."