ताराआत्या नांग्या भरायची

आधीच माफी मागतो. या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल जे लिहितात ते त्या माणसांच्या जवळचे असतात आणि त्यांना लिहिता येतं. माझ्या बाबतीत दोन्हींची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. जिच्याबद्दल लिहायचं ती माझी आत्या, तारा. शेवटचे पाच महिने मी तिच्याशी धड बोलत नव्हतो. अशा माणसानं लिहावं का, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारलं. उत्तर मिळालं नाही... पण न लिहिताही राहवत नाही. तिला जाऊन दीड महिना झाला.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. वडील तरुणपणीच उल्हासनगरला कॅम्प नं. ३ मध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला आले, आत्या गावातच राहिली. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आधी ती लोकांच्या भातात लावणीला जायची, मग रस्त्यावरच्या नर्सरीत लागली आणि शेवटपर्यंत तिथंच होती. नर्सरी उल्हासनगरच्या एका शेठची. पूर्वी तिथं मोगरा, जास्वंद, आंब्याची कलमं असायची. मग चिखलोलीपासून बदलापूरपर्यंत इमारती उठल्या, बाल्कन्या आल्या, आणि शेठनं घरात ठेवायची झाडं आणली. मॉन्स्टेरा, स्नेक प्लांट, आणि सक्युलंट, म्हणजे ती गुबगुबीत पानांची छोटी झाडं, जी हल्ली वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून देतात. नर्सरीतल्या बायका त्यांना 'सकुलन' म्हणतात.

सकुलनचं सगळं काम आत्याकडे होतं. या झाडाचं एकेक पान मातीवर ठेवलं तर त्याच्या बुडाशी नवं झाड धरतं, त्याला पिल्लू म्हणतात. पण पान ओढून काढायचं नाही, हलकेच मुरगळून काढायचं, म्हणजे त्याचं बूड देठावर राहत नाही. मग चार दिवस सावलीत नुसतं पडू द्यायचं, तोडल्या जागी खपली धरेपर्यंत. त्याआधी पाणी लागलं की कुजलंच. पाणी कधी घालायचं हे ती माती बघून नाही, पान दाबून ठरवायची. कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं तर घालायचं, एरवी नाही. नवीन आलेल्या बायका मायेनं रोज पाणी घालत, त्यांना ती म्हणायची, "अगं, ही पाण्यानं मरतात, तहानेनं नाय मरत." मला हे सगळं सातवी-आठवीपासून माहीत होतं. सुट्टीत मी तिच्याकडेच असायचो. माहीत असूनही पुढे मी जे केलं, ते केलं.

बारावीला मार्क बेताचे पडले आणि मी बी.एस्सी.ला बॉटनी घेतली. आत्यानं विचारलं, त्यात काय शिकवतात? मी म्हटलं, झाडांचं. ती बराच वेळ हसत होती. "ते शिकायला एवढ्या लांब रिक्षानं जातोस? इथं ये की, मी शिकवते." पण तिला अभिमान होता. मी नर्सरीत दिसलो की तिच्या मैत्रिणी चिडवायच्या, "आला गं तुझा साहेब भाचा, उठा, खुर्ची द्या." तिथं खुर्ची नव्हतीच, पालथी बादली होती. आत्या ती पदरानं पुसून द्यायची.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. मी सक्युलंट घेतले, कारण ते फुकट मिळणार होते आणि सांभाळायला आत्या होती. प्रयोग साधा. पन्नास-पन्नास कप्प्यांचे तीन ट्रे, प्रत्येक कप्प्यात एक पान. एका ट्रेला रोज पाणी, दुसऱ्याला चार दिवसांनी, तिसऱ्याला दहा दिवसांनी. किती पानं जगतात, किती मरतात, ते दर रविवारी मोजायचं. आमच्या उल्हासनगरच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून ट्रे नर्सरीत शेडखाली ठेवले. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून वडिलांच्या कारखान्यातला जीन्सचा दोरा आणून तीन ट्रेना पिवळा, निळा आणि पांढरा बांधला, आणि कडेला कागदावर माझं नाव लिहून चिकटवलं. कुठल्या रंगाला किती दिवसांनी पाणी, हे मी तिला तीन वेळा घोकून म्हणायला लावलं. ती शाळेतल्या मुलीसारखं म्हणायची. पाणी घालण्यात तिनं एकदाही चूक केली नाही, हे मला आता कळतं.

तो सगळा पावसाळा मी दर रविवारी जाऊन मोजत होतो आणि फोटो काढत होतो. तिन्ही ट्रेमध्ये जवळजवळ सगळी पानं जिवंत. रोज पाण्याच्या ट्रेमध्येसुद्धा. ही झाडं पाण्यानं मरतात असं ती जन्मभर सांगत आलेली, आणि पाण्यात बसलेली पानं मरत नव्हती. मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला आनंद झाला होता. आत्याचं म्हणणं चुकीचं आहे आणि मी ते आकड्यांनी सिद्ध केलं, असं मला वाटलं. निष्कर्षात तसंच लिहिलं.

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्गासमोर प्रोजेक्ट मांडला. आमच्या मॅडमनी फोटो एकापुढे एक लावायला सांगितले आणि एका कप्प्यावर बोट ठेवलं. मागच्या रविवारी इथलं पिल्लू एवढं मोठं होतं, या रविवारी ते लहान कसं झालं? मी फोटोंवरच्या तारखा पुन्हा बघू लागलो. "तू मोजलंस, की घरी बसून लिहिलंस?" त्यांनी विचारलं. वर्ग हसला. मी मोजलंय, मोजलंय, एवढंच म्हणत राहिलो.

तिथून थेट बदलापूर गाठलं. आत्या बायकांबरोबर डबा खात होती. मी उभ्या-उभ्याच वर्गात झालेलं सांगून विचारलं, आणि तिनं लगेच सांगून टाकलं, काही लपवावं असं तिला वाटलंच नव्हतं. मेलेली पानं ती काढून टाकायची आणि त्या जागी दुसरी लावायची, तेवढ्याच वयाची, शोधून-शोधून. नर्सरीत तेच तिचं काम. शेठ दिवसातून चार वेळा ओरडायचा, "तारा, गॅप मत छोड, कस्टमर गॅप पहले देखता है." आणि त्याच्याही आधीपासून ती भातात तेच करत आलेली. लावणीनंतर जिथं रोप मरतं तिथं नवं खोचायचं, त्याला नांग्या भरणं म्हणतात. नांग्या न भरलेलं शेत म्हणजे आळशी घराचं शेत. पण माझ्या प्रयोगात मोजायच्या होत्या त्या नांग्याच. किती मरतात, हाच तर प्रश्न होता. आणि हे मी तिला सांगितलंच नव्हतं... पाण्याचे दिवस तीनदा घोकून घेतले, पण प्रयोग कशासाठी आहे हे एकदाही सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं वाटलं असणार मला.

तेव्हा मात्र मी सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? पानं लावायची मजुरी करतेस ना, तेवढीच कर." तिचा घास हातातच राहिला. "मेलेली तशीच कशी ठेवायची रे?" ती म्हणाली, "तुझं नाव होतं त्याच्यावर."

मी तसाच निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमच्या टेबलावर माफीचं पत्र ठेवलं. त्यातलं एक वाक्य मला इथं लिहायलाच हवं, नाहीतर हा सगळा लेख खोटा ठरेल. मी लिहिलं होतं, 'नर्सरीतील एका अशिक्षित मजूर बाईच्या अज्ञानामुळे ही चूक घडली.' आत्या असं लिहिलं नाही. मजूर बाई लिहिलं. चूक दुसऱ्या कुणाची, लांबच्या कुणाची तरी दिसावी म्हणून. दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं आणि प्रोजेक्ट पुन्हा कर म्हणाल्या. सगळी मेली तरी चालतील, खरे आकडे आण. मला वाटलं, पत्र चांगलं उतरलं.

दुसऱ्यांदा ट्रे नर्सरीत ठेवले नाहीत. चिखलोलीला एका मित्राची बाल्कनी आहे, तिथं ठेवले. आत्यानं वडिलांच्या हाती दोनदा पानं पाठवली, खपली धरलेली, ओल्या बोटांनी न शिवलेली, कागदात गुंडाळून. तीच मी लावली, आणि तिला मिळाली म्हणून कळवलंही नाही. ती दर चार-आठ दिवसांनी फोन करायची. मी 'हो', 'नाही', 'अभ्यास आहे' म्हणायचो. माझा राग कधीच ओसरला होता, खरं तर. उरली होती ती लाज, पण ती मी रागासारखीच वापरत राहिलो. समोर जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं आणि जेवढे दिवस जात होते तेवढं ते अवघड होत होतं.

फेब्रुवारीत तिला ताप आला, तो छातीत उतरला. वडिलांनी तिला उल्हासनगरला दवाखान्यात आणलं. मी एकदाच गेलो. तोंडावर मास्क होता, तो तिनं बाजूला केला आणि विचारलं, "या वेळी मरतायत ना?" मी हो म्हटलं. रोज पाण्याच्या ट्रेमधली निम्म्याहून जास्त गेली, असं सांगितलं. "मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, हसण्यानं खोकला आला, आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर गेलो... आणि बाहेरूनच घरी गेलो. उद्या नीट बोलू, असं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर करतात त्या विधीला, नर्सरीतल्या बायका आल्या होत्या. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही. एकीनं फक्त माझ्याकडे बघितलं आणि पान वाढायला घेतलं. त्या दिवशी कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात प्रोजेक्ट जमा करायला गेलो. मॅडमनी पानं उलटली, आकडे बघितले, मान हलवली. मग सहज विचारलं, "आत्या कशा आहेत?" आत्याबद्दल मी कॉलेजात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. ती गेली, मी म्हटलं. मॅडमनी माझी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, तुझं पत्र मला दुपारी मिळालं. तुझ्या आत्या त्याच्या आधी, सकाळीच येऊन गेल्या होत्या.

आत्या मॅडमच्या पहिल्या लेक्चरच्या आधी आली होती. गेटवर विचारत विचारत स्टाफरूमपर्यंत पोचली. मी त्याची आत्या, म्हणाली, चूक माझी आहे, पोराला नापास करू नका. आणि मग खुर्चीवर न बसता, उभ्यानंच, तिनं तिन्ही ट्रेमधली मेलेली पानं सांगितली. कुठल्या आठवड्यात कुठल्या ट्रेमधली किती काढली, पावसाळाभराची, तोंडपाठ. मॅडमनी ती लिहून घेतली होती. तो कागद त्यांनी ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोर ठेवला. माझ्या पहिल्या प्रयोगाचे खरे आकडे.

मॅडमनी तिला विचारलं होतं, तो वर प्रॅक्टिकलला आहे, बोलवू का? तर नको म्हणाली. मी इथं आलेली त्याला आवडायचं नाय. मी आले होते ते त्याला सांगू नका. फक्त बसतो कुठं, तेवढं लांबून दाखवा.

"मी त्यांना वर घेऊन गेले," मॅडम म्हणाल्या. "दारातून बघितलं त्यांनी तुला. तू मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होतास."