सरळ आलेली रेघ

माझ्या हातून झालेली चूक समजायला पदार्थविज्ञान यावं लागत नाही. उजवा हात सरळ खाली सोडून उभे राहा, तळवा मांडीकडे. आता मनगट अजिबात न फिरवता हात बाजूने खांद्यापर्यंत वर न्या, तसाच आडवा समोर आणा आणि खाली सोडा. हात पुन्हा जागेवर आला, पण तळवा आता मागे बघतोय. मनगट तर कोणी वळवलं नाही. हात ज्या वाटेने फिरला, त्या वाटेनेच तो वळवला.

ठाण्यातल्या एका कॉलेजात गेली बावीस वर्षं मी हे वर्गात करून घेतो. दरवर्षी कोणाचा तरी हात शेजारच्याच्या कानाला लागतो आणि सगळे हसतात. घरी डोंबिवलीला बायकोलाही एकदा करायला लावलं. हातातलं लाटणं खाली न ठेवताच तिने ते केलं आणि म्हणाली, खांदा दुखतो एवढं कळलं.

क्वांटम संगणकात माहिती जिथे साठवतात त्या क्यूबिटचंही असंच असतं. त्याची अवस्था म्हणजे एका चेंडूवरचा ठिपका समजा. ठिपक्याला चेंडूवर फिरवून पुन्हा मूळ जागी आणलं, तर तो जिथला तिथे येतो, पण येताना थोडा ‘वळून’ येतो. त्या वळण्याला आम्ही फेज म्हणतो. तिचे दोन भाग. एक, फिरायला किती वेळ लागला आणि वाटेत ऊर्जा किती होती यावर ठरणारा. दुसरा फक्त फेरीने चेंडूवर केवढी जागा वेढली यावर ठरणारा. ही भौमितिक फेज. संगणकाला गणित करायला ठरावीक फेज अचूक द्यावी लागते. भौमितिक फेजचं आकर्षण असं, की फेरी मारताना हात थोडा थरथरला तरी कडा कुठे आत जाते, कुठे बाहेर, आणि वेढलेली जागा साधारण तेवढीच राहते. थरथरत्या हाताने केलेलं गणितही बरोबर यावं, हे या विषयाचं स्वप्न आहे.

माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी बाळकुमच्या कोळ्यांची. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच स्वप्नावर उभं होतं. त्यात एक आलेख होता: गोंधळ, म्हणजे ती थरथर, वाढवत नेला तरी अचूकता ढळत नाही, रेघ अगदी सरळ. तो आलेख आम्ही दोघांच्या नावाने छापलाही होता. त्याच्या जोरावर तिला परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तिथे असे क्यूबिट खरोखर बनवतात. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

एका दुपारी एमएस्सीच्या तासाला दाखवायला म्हणून मी तो आलेख काढणारा प्रोग्राम उघडला. प्रोग्राम मूळ माझा. खूप वर्षांपूर्वी नुसती भौमितिक फेज मुलांना वेगळी दिसावी म्हणून लिहिलेला. ही मुलगी रुजू झाली तेव्हा मीच तिला दिला होता, बिनधास्त वापर म्हणून. त्यातली एक ओळ वाचताना माझ्या हातातला खडू तसाच राहिला. त्या ओळीत प्रत्येक फेरीचा वेळेवर ठरणारा भाग मोजून वजा होत होता. गोंधळासकट. म्हणजे गोंधळ मीच घालत होतो, आणि किती घातला हे मला ठाऊक असल्यामुळे तेवढा काढूनही टाकत होतो. खऱ्या यंत्रात गोंधळ किती झाला हे कोणालाच माहीत नसतं. तिथे ती वजाबाकी करणार कोण? रेघ सरळ येणारच होती.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि अकरा दिवस त्या मुलीला काही बोललो नाही. भीती वाटली, एवढंच कारण आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. त्या दिवसांत तिने तिसरं प्रकरण वाचायला आणून दिलं आणि मी ते तपासलं. सोबत तिच्या आईने माझ्यासाठी जवळ्याची चटणी पाठवली होती, स्टीलच्या डब्यात. ती मी दोन दिवस भाकरीबरोबर खाल्ली. तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं की चटणी आवडत नाही का, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं.

तिने ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं. मग म्हणाली, “डबा रिकामा परत द्यायचा नसतो. मी नारळाच्या वड्या करते. तुम्ही स्वतः घेऊन जा आणि त्या मुलीला सांगून या.”

रविवारी सकाळी बाळकुमला गेलो. मागे टॉवर, पुढे त्यांचं बैठं घर, ओट्यावर जाळं वाळत घातलेलं. तिच्या आईला वाटलं, सर तारीख ठरल्याचं सांगायला आले. खुर्ची पुसून दिली. मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली. प्रस्तावना करायची हिंमत नव्हती, म्हणून लॅपटॉप उघडून ती ओळच तिच्यापुढे धरली.

तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. ती जाळ्याशेजारी ओट्यावर बसली.

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“अकरा दिवस झाले.”

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, “चूक कोणाकडूनही होते, सर. पण मंगळवारी मी चॅप्टर दिला, तेव्हा तुम्ही त्यातले स्वल्पविराम दुरुस्त करत होतात.”

मग मी जे तिच्या लक्षात नसावं तेही सांगितलं: पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, सर, प्रत्यक्षात ही वजाबाकी कोण करणार? आणि मी, आधी शीक, मग शंका काढ, असं म्हणून तिला गप्प केलं होतं. ती खरंच विसरली होती. आता आठवल्यावर मात्र तिने लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

आतून आईने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, “सरांचं गणित चुकलं.”

“मंग परत करा,” आई म्हणाली आणि चहा बाहेर आणून ठेवला.

गणित खरोखरच परत केलं. वजाबाकी काढून टाकली. तिच्या जागी यंत्राला जमेल अशी युक्ती घातली: एक फेरी, मग क्यूबिट उलटा करायचा, मग दुसरी फेरी उलट दिशेने. दोन्ही फेऱ्यांतला वेळेचा भाग एकमेकांना खोडतो आणि भौमितिक भाग दुप्पट होतो. पण गोंधळ सावकाश बदलणारा असेल तरच. दोन फेऱ्यांच्या मध्येच बदलला, तर नीट खोडलं जात नाही. नवी रेघ आधी सपाट गेली आणि मग खाली उतरली. प्रबंधाची तारीख पुढे ढकलून दोन महिने आम्ही ती कुठे वाकते हे शोधत होतो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत काम करताना मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. ती मात्र पहिला महिना माझ्याशी कामापुरतंच बोलली.

प्रयोगशाळेला तिने त्याच रविवारी कळवलं होतं. जागा कायम आहे, असं उत्तर आलं. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या: त्यांची रेघ आमच्यासारखी सरळ येत नव्हती, म्हणून दोघं जण पाच महिने यंत्रातला दोष शोधत बसले होते. त्या दोघांना मी वेगळं पत्र लिहिलं. ज्या मासिकात आलेख छापला होता, तिथे दुरुस्तीही माझ्या नावाने पाठवली. त्यांचे पाच महिने त्याने परत आले नाहीत.

प्रबंधात तिने दोन्ही रेघा एकाच आलेखात ठेवल्या, चुकीची तुटक आणि बरोबरची गडद. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. ही चूक कोणाची, असं विचारलं.

“आमची,” ती म्हणाली.

परीक्षा चालू असताना मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नसतं. मी मागच्या बाकावरून उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “माझी. तिने विचारलं होतं, मी ऐकलं नाही.”

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, खाली बसायला सांगितलं आणि तिला पुढचा प्रश्न विचारला: रेघ वाकते तिथे गोंधळाचा वेग किती? त्याचं उत्तर ती वीस मिनिटं देत होती. मला ते सगळं माहीत होतं, तरी मी वहीत उतरवून घेतलं.

निकाल सांगून झाल्यावर बाहेर व्हरांड्यात पेढे वाटता वाटता ती माझ्यापाशी आली. डॉक्टर होऊन तिला दहा मिनिटंही झाली नव्हती.

“सर, बोलायचं होतं तेव्हा अकरा दिवस गप्प बसलात. आणि आज गप्प बसायचं, तर उभे राहून बोललात.”

मी म्हणालो, खरं आहे. तिने माझ्या हातावर दोन पेढे ठेवले, एक वहिनींचा म्हणाली, आणि आईला फोन लावायला जिन्याकडे गेली.