डोझरचे पुसलेले तास

रस्त्याच्या साइटवर दोन गोष्टी आपोआप साठतात. ऑइलचे रिकामे डबे आणि किस्से. डबे भंगारवाला नेतो, किस्से मात्र आपल्याच गळ्यात! आमच्याकडचे निम्मे तर एका कॉम्प्युटरनंच दिलेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जामखेड-खर्डा भागात आमचं रस्त्याचं काम चालू होतं आणि मी तिथं स्टोअरकीपर होतो. कुठली मशीन किती तास चालली, हे तोवर वहीत लिहायचो. मग मालकांनी नगरहून सगळ्या साइटवर कॉम्प्युटर पाठवले आणि आमचा चालवायला जामखेडची शोभा आली. तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला देवळालीकडं जायचे. घरात नोकरीला लागलेली ती पहिलीच. मालक फोनवर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर आपली वहीच बरी." वही परत आली की शोभा घरी! हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

*

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून ऑफिसला पडदे लागले, चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला. डोझरवाले नामदेवनाना दारातून डोकावले. धुळीनं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या.

"आमचा डोझर दिसभर धूळ खातोय, त्याला कुनी पडदा लावत न्हाई!"

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि कॉम्प्युटरला हात जोडले.

*

पहिल्याच आठवड्यात शोभाचा टिंबाचा घोळ झाला. डोझरचे साडेआठ तास होते, पडले पंच्याऐंशी! हेड ऑफिसचा फोन आला, "एका दिवसात डोझर पंच्याऐंशी तास चालला?"

नाना शेजारीच उभे होते. म्हणाले, "ऑपरेटर कोन हाय ते सांगा त्यांना!"

शोभानं ती नोंद डिलीट केली. नाना खुर्चीमागून वाकून बघत होते.

"गेली कुठं?"

"पुसली, नाना."

"वहीत पुसलं तर कागुद तरी मळतो. हितं तर कायच न्हाई!"

तेव्हापासून काही डिलीट करायचं असलं की नाना हजर. त्यांना हसायचो खरा, पण मीही तेच बघायला जायचो.

*

एकदा रोलरचे दोनदा पडलेले तास पुसताना शोभाच्या हातून अख्खा रोलरच पुसला गेला. यादीत रोलर नाही, म्हणून हेड ऑफिसनं त्याचं डिझेल बंद केलं! रोलरवाले बबनराव वरूनच ओरडले, "मंग मी बसलोय कशावर?"

शोभा रडकुंडीला आली. हेड ऑफिसनं पुरावा मागितला, तेव्हा आम्ही जामखेडहून फोटोग्राफर आणला. बबनराव फेटा बांधून रोलरपुढं उभे राहिले. फोटोत रोलर कमी आणि फेटाच जास्त!

*

मशीन उभी राहिली म्हणून तास पुसायचे, तर कॉम्प्युटर कारण विचारायचा. कारणं त्यात तीनच: नादुरुस्ती, डिझेल नाही, पाऊस. ऐन उन्हाळ्यात एकदा आग्या मोहोळ उठलं आणि सगळे वाट फुटेल तिकडं पळाले.

"मधमाशा कुठं घालू?" शोभानं विचारलं. मशिनी धडधाकट, डिझेल भरपूर. राहिला पाऊस!

पुढच्याच आठवड्यात नगरहून टेम्पो आला. ड्रायव्हरनं भर उन्हात ताडपत्र्या उतरवल्या आणि आभाळाकडं बघत विचारलं, "उघडला का?"

*

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं एकही मशीन हलत नाही. धुवायच्या, हार घालायचे, नारळ फोडायचा. शोभालाही सुट्टी होती. आणि रकाना रिकामा राहिला की कॉम्प्युटर स्वतःच आठ तास भरून टाकतो, हे कुणालाच माहीत नव्हतं!

दसऱ्यानंतर रिपोर्ट निघाला आणि नाना हबकलेच.

"खंडेनवमीला डोझर राबला असं लिवलंय? पुजेच्या दिशी? आदी पुसा ते. तवर मी वर चढायचो न्हाई!"

बबनरावही उतरले. काम ठप्प. आणि नेमके त्याच दिवशी मालक यायचे होते, कॉम्प्युटरचा निकाल लावायला.

शोभानं घाईघाईनं डिलीट दाबलं. कॉम्प्युटरनं कारण विचारलं.

"नादुरुस्ती टाकू?"

"पुजेच्या दिशी माझा डोझर बिगडला म्हनता?"

"मग डिझेल नाही?"

"टाकी भरून पुजलाय!"

पाऊस म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कारण न देता पुसायला मालकांचा पासवर्ड लागायचा, आणि तेवढ्यात त्यांची जीपच आली.

उभ्या मशिनी बघून मालक तापले. "काम का बंद?" शोभानंच पुढं होऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, गेली पोरगी घरी.

मालक तिच्या खुर्चीत बसले. तारीख वाचली, पासवर्ड टाकला. ओळ गेली. नाना डोझरकडं निघाले, पाठोपाठ बबनराव.

मालक मात्र उठेनात. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी जीपकडं हाक मारली, "अरे, बाकीच्या साइटच्या रिपोर्टच्या सगळ्या फ्लॉप्या आण आत!"

मग खुर्ची शोभाकडं सरकवली आणि हळूच म्हणाले, "बसा ताई. खंडेनवमीला आपल्या अजून कुठं कुठं मशिनी चालल्यात, तेवढं बघा."