जागा मोकळी झाली तेव्हा

आधी ताईंचं सांगतो, माझं नंतर. अंबाजोगाईत आमच्या स्टुडिओशेजारी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नाव लिहू नको म्हणाल्या, म्हणून नुसतं ताई. त्या नसत्या तर मी आज इथं नसतो.

मी चंद्रपूरकडचा, नववीत शाळा सुटलेला. फोटो स्टुडिओत काम करतो, झोपतोही तिथंच. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरतात, त्या तारखेचं फोल्डर तयार होतं. एकदा डिस्क भरली. मालक पाटोद्याला शूटिंगला गेलते. फोनवर म्हणाले, "जुने फोल्डर उडव की बे. सगळ्यांत तेच ते हाय."

कुठलंही उघडलं तरी खरंच तेच फोटो दिसत होते. एकेक उडवत गेलो, पण जागा वाढेचना. मग शेवटचं जुनं फोल्डर गेलं आणि भसकन जागा झाली. इतका आनंद झाला की मालकांना फोनच केला.

दुसऱ्या दिवशी एका नवरीचे वडील अल्बमचं विचारायला आले. हळदीचे फोटो कुठंच सापडेनात.

"फोटो सापडले तर ठीक, न्हाईतर गावाकडची गाडी धर," मालक म्हणाले. मी रडतच ताईंकडे गेलो.

स्टुडिओत येऊन त्यांनी आधी डिस्क काढून घेतली, तिच्यावर नवं काही उतरू नये म्हणून. मग विचारलं, "घरी तुला काय म्हणतात रे?"

"आई बाबू म्हणते. बहीण दादा, भाचा मामा."

"पण माणूस एकच ना? तसंच हाय हे. फोटो बदलला नसला तर मशीन तो परत उतरवत न्हाई. आधीच्याच फोटोला नव्या फोल्डरात अजून एक नाव लावतं. एखादं नाव पुसलं तर जागा कशी होईल? शेवटचं पुसलं, की फोटो गेला."

मालकांनी हळदीचे फोटो कॉम्प्युटरवरून आधीच काढले होते. त्यामुळे नव्या फोल्डरांत त्यांचं नावच नव्हतं. मी खूश झालो, तेव्हाच ते फोटो गेले होते.

"कॉम्प्युटरवरचे तुमीच काढले, जुनं उडव तुमीच म्हणालात. पोराला कावून बोलता?" ताई मालकांना म्हणाल्या.

ताई डिस्क धुंडाळत बसल्या. चहा आणण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं. दुपारी फोटो निघू लागले, नावाच्या जागी नुसते आकडे. अल्बमापुरते मिळाले. आजी हळद लावतानाचा मात्र निम्मा राखाडी आला. नवरीच्या वडिलांनी त्याची प्रिंट हातात धरली, राखाडी भागावरून बोट फिरवलं.

माझं काम टिकलं. ताईंनी पैसे घेतले नाहीत. ताई, तुमच्या लेकीचं लग्न निघेल तेव्हा हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो मीच काढीन, आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवून तुमच्या हातात देईन.